संसद टीव्ही आणि संसदेचं डिजिटल ग्रंथालय : वाळूजच्या वर्कशॉपमधून

वाळूज एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), एक ड्रिलिंग मशीन आणि सहा माणसं. दुचाकीला लागणाऱ्या बुश आणि पिना आम्ही जॉबवर्कवर करतो. आमचा माल एका मोठ्या व्हेंडरकडे जातो, तिथून पुढे कंपनीत. गाव वैजापूर तालुक्यात, तिकडची शेती थोरला भाऊ बघतो. ही ओळख मुद्दाम दिली, कारण मी अर्थशास्त्र शिकलेलो नाही. आयटीआय केलंय, टर्नर ट्रेडमधून. तरी गेली काही वर्षं संसदेचं प्रक्षेपण मी नेमाने बघतो, आणि अर्थमंत्र्यांचं उत्तर असेल तर हातातलं काम बाजूला ठेवून बघतो. ओळखीचे लोक विचारतात, त्यात बघण्यासारखं काय असतं? त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहितोय.

हे सुरू झालं २०१९ ला. त्या वर्षी जूनपासून शेड्यूल, म्हणजे व्हेंडरची महिन्याची मागणी, घसरायला लागलं. आधी महिन्याला अठरा हजार बुश जायच्या, ऑगस्टमध्ये साडेनऊ हजारांवर आलो. व्हेंडरला फोन केला की एकच उत्तर, 'वरूनच कमी झालंय.' आणि ते खरं होतं. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांनी पडली होती, दुचाकींची २२ टक्क्यांनी. आम्ही दुसरी पाळी बंद केली. दोन पोरांना 'काम आलं की बोलावतो' असं सांगून घरी पाठवलं. ते सांगताना त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आणि गावाकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने मका, कपाशी, कांद्याची रोपं, सगळं सडवलं. रात्री भावाचा फोन यायचा, आणि दोघांकडेही सांगण्यासारखं काही चांगलं नसायचं.

२७ नोव्हेंबर २०१९ ची दुपार. त्या दिवशी मुंबईत विधानसभेत नवे आमदार शपथ घेत होते आणि दुसऱ्या दिवशी नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी होता. आठवडाभर मराठी वाहिन्यांवर दुसरा विषयच नव्हता. आमच्या उद्योजकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की राज्यसभेत अर्थव्यवस्थेवर चर्चा चाललीय, अर्थमंत्री उत्तर देणार आहेत. तेव्हा राज्यसभा टीव्ही ही वेगळी वाहिनी होती. लोकसभेची आणि ती एकत्र होऊन संसद टीव्ही झाली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. मी मोबाईल बंद पडलेल्या दोन नंबरच्या लेथच्या बेडवर टेकवला आणि स्टूल ओढून बसलो. आमचे जुने ऑपरेटर मामा हात पुसत मागे येऊन उभे राहिले.

निर्मला सीतारामन बोलत होत्या. इंग्रजी सगळं कळलं असं नाही, पण आकडे कळत होते. खिशात डिस्पॅचचं एक जुनं चलन होतं, त्याच्या पाठीवर मी आकडे लिहायला लागलो. २००९ ते २०१४ या काळातली देशाच्या अर्थव्यवस्थेची वाढ ६.४ टक्के, २०१४ ते २०१९ मधली ७.५ टक्के. मग ते वाक्य आलं, जे पुढे सगळीकडे गाजलं: वाढ कमी झाली असेल, पण हे अजून रिसेशन नाही, आणि रिसेशन कधीच येणार नाही. मामांनी विचारलं, 'शेठ, काय म्हणल्या?' मी म्हणलं, मंदी नाही म्हणतायत. मामांनी बंद मशीनकडे बघितलं आणि काही न बोलता चहा आणायला गेले.

दोन दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, जुलै ते सप्टेंबर तिमाहीच्या वाढीचा सरकारी आकडा आला: ४.५ टक्के. तो मी त्याच चलनावर खाली लिहिला.

आता इथे मला एक गोष्ट नीट मांडायची आहे, कारण याच गोष्टीमुळे मला या प्रक्षेपणाची सवय लागली. त्या दिवशी मला राग आला होता. रात्री जेवण झाल्यावर यूट्यूबवर तेच भाषण पुन्हा लावलं, या वेळी पहिल्यापासून, थांबवत थांबवत. तेव्हा कळलं की त्या एक बोलत होत्या आणि मी दुसरंच ऐकत होतो. अर्थशास्त्रात रिसेशन म्हणजे ओळीने दोन तिमाही देशाचं उत्पादन आधीपेक्षा कमी होणं. वाढ मंदावणं म्हणजे रिसेशन नव्हे. त्या अर्थाने त्या दिवशी त्या जे म्हणाल्या त्यात चूक नव्हती. साडेचार टक्के ही वाढच आहे. पण आपल्याकडे मोंढ्यात असो की एमआयडीसीत, मंदी म्हणजे गिऱ्हाईक नाही, उधारी वसूल होत नाही, मशीन उभं आहे. मराठीत या दोन्हींना एकच शब्द आहे. विरोधकांनी दुसऱ्या अर्थाने प्रश्न विचारला होता आणि उत्तर पहिल्या अर्थाने आलं. हे मला कुठल्याही बातमीत सापडलं नाही. एका वाहिनीने ते एक वाक्य दाखवून टाळ्या वाजवल्या, दुसरीने तेच वाक्य दाखवून टिंगल केली. प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून बघायचं तर पूर्ण प्रक्षेपणच बघावं लागलं.

आणखी एक गोष्ट पूर्ण बघितल्यावरच ध्यानात आली. उत्तर चालू असतानाच विरोधकांपैकी बरेच जण सभात्याग करून बाहेर पडले. निषेध म्हणून गेले हे समजतं. पण मला मनापासून वाईट वाटलं. माझ्यासारख्याचा पुढचा प्रश्न, म्हणजे 'रिसेशन नाही हे मान्य, पण मग छोट्या कारखान्याचं काय,' हा विचारायला जे बसले होते तेच उठून गेले.

कांद्याचं तर याहून ठळक उदाहरण आहे. ४ डिसेंबर २०१९, लोकसभा. पुरवणी मागण्यांवरची, म्हणजे सरकारच्या जादा खर्चाच्या मंजुरीवरची चर्चा. कांदा तेव्हा शहरात शंभराच्या वर गेला होता. सुप्रिया सुळे यांनी कांद्याचा प्रश्न काढला, सीतारामन उत्तर देत होत्या, मध्येच एका सदस्याने त्यांना विचारलं की तुम्ही इजिप्तचा कांदा खाता का, आणि त्या म्हणाल्या की मी एवढा कांदा-लसूण खात नाही, तशा घरातून येते. संध्याकाळपर्यंत तेवढाच तुकडा प्रत्येक फोनवर. भावानेही मला तोच पाठवला, खाली चिडून चार ओळी लिहिल्या होत्या. मी त्याला लोकसभेचं पूर्ण उत्तर पाठवलं. त्याने ते गोठ्यात धारा काढता काढता ऐकलं आणि रात्री फोन केला. म्हणाला, 'खाण्याचं जाऊ दे, तो मधल्या मधला शब्द होता. पण निर्यातबंदी, साठ्याला मर्यादा, बाहेरून आयात, हे सगळं त्या उपाय म्हणून सांगायल्यात. भाव वाढला की उपाय, आणि पडला की कोण उपाय करतं?' कांद्याची निर्यात त्या सप्टेंबरच्या २९ तारखेला बंद झाली होती. त्या तुकड्याने लोक हसले, चिडले, आणि शेतकऱ्याच्या खऱ्या दुखण्याचा भाग कुणी बघितलाच नाही. दहावी शिकलेल्या माझ्या भावाने तो बरोबर पकडला, कारण त्याने सगळं ऐकलं.

मी सरकारच्या बाजूने किंवा विरोधात लिहितोय असं कुणी समजू नये. जे माझ्या वहीत उतरलं ते सांगतो. सप्टेंबर २०१९ ला कंपनी कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखानदार कंपन्यांना १५ टक्के. सरकारचा अंदाज होता की यात वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल. डिसेंबरमध्ये संसदेत या विधेयकाचं समर्थन झालं ते मी दोन्ही सभागृहांत बघितलं. मुद्दा असा होता की कंपन्यांच्या हातात पैसा राहिला की गुंतवणूक वाढेल, रोजगार वाढेल. माझी फर्म प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या मालकाच्या नावावरची आहे, कंपनी नाही. आमच्या पट्ट्यातली बहुतेक छोटी वर्कशॉपं अशीच आहेत. त्या कपातीतला एक रुपयाही थेट आमच्यापर्यंत येणार नव्हता. हे मला कुणी समजावून सांगितलं नाही, विधेयकावरची चर्चा ऐकताना माझं मलाच कळलं.

पण मे २०२० मध्ये छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटींची विनातारण कर्जहमी जाहीर झाली, तिचा मला उपयोग झाला. २९ फेब्रुवारीला माझ्या नावावर अकरा लाख बाकी होते, त्याच्या २० टक्के म्हणजे दोन लाख वीस हजार मिळाले. बँकेत दोन खेपा माघारी पाठवलं, 'अजून परिपत्रक आलं नाही' म्हणाले. तिसऱ्या खेपेला झालं. त्या पैशातून लॉकडाऊनमधले पगार आणि वीजबिल भागलं. नंतरच्या अधिवेशनांत मंत्री या योजनेचा दाखला द्यायच्या तेव्हा मामा माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचो. जे खरं आहे ते खरं.

आणि मग ती तारीख. एप्रिल ते जून २०२० चा आकडा आला होता उणे २३.९ टक्के. जुलै ते सप्टेंबरचा आला उणे ७.५. ओळीने दोन तिमाही उत्पादन घटलं, म्हणजे व्याख्येप्रमाणे रिसेशन. हा दुसरा आकडा जाहीर झाला २७ नोव्हेंबर २०२० ला. मी ड्रॉवरमधून ते चलन काढलं. वर माझ्याच अक्षरात तारीख होती, २७ नोव्हेंबर २०१९, आणि खाली ७.५. तोच दिवस आणि तोच आकडा, फक्त आता समोर उण्याची खूण. मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो. महामारी येणार हे कुणाला माहीत होतं? त्याबद्दल मंत्र्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. पण 'कधीच' हा शब्द सभागृहात उभं राहून वापरायला नको होता असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. आम्ही व्हेंडरला डिलिव्हरीची तारीख देताना असा शब्द वापरत नाही.

त्या वर्षी मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर ते म्हणजे प्रश्न विचारण्याची सोयच आटली. सप्टेंबर २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही, फक्त लेखी उत्तरं मिळाली. हिवाळी अधिवेशन तर भरलंच नाही. एरवी लोकसभेत रोज २० तारांकित प्रश्न असतात. त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. त्या उपप्रश्नातच खरी कसोटी असते, कारण तो आधी लिहून दिलेला नसतो. देशाने खरं रिसेशन बघितलं त्याच महिन्यांत हा तास नव्हता. अर्थसंकल्पावरच्या चर्चेचं मोठं उत्तर ऐकायला मिळालं ते थेट फेब्रुवारी २०२१ ला, १२ तारखेला राज्यसभेत आणि १३ ला लोकसभेत. त्या शनिवारी मी वर्कशॉप अर्धा दिवसच चालवलं.

१ ऑगस्ट २०२२ च्या महागाईवरच्या चर्चेबद्दल थोडक्यात सांगतो. तृणमूलच्या काकोली घोष दस्तीदार यांनी गॅस परवडत नाही हे सांगताना सभागृहात कच्चं वांगं चावून दाखवलं, ते सगळ्यांनी बघितलंय. त्याच चर्चेच्या उत्तरात सीतारामन यांनी एका पाहणीचा आधार देऊन सांगितलं की भारतात रिसेशनची शक्यता शून्य आहे. वांगं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. शून्याचा आधार कोणता, तो किती भक्कम, हे बघायला पूर्ण उत्तर लावावं लागतं. या वेळी 'कधीच' हा शब्द नव्हता, पाहणीचा हवाला होता. मला हा बदल बरा वाटला.

त्या काळात अर्थ राज्यमंत्री आपल्या संभाजीनगरचे डॉ. भागवत कराड होते. बँका, कर्ज, विमा अशा प्रश्नांना त्यांना उत्तर देताना बघितलं की वर्कशॉपमधले सगळे जवळ यायचे. आपल्या बाजूचा माणूस तिथे उभा आहे म्हणल्यावर ऐकण्याची गोडी वाढतेच.

आता दुसऱ्या सेवेबद्दल, म्हणजे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयाबद्दल. इंटरनेटवर फुकट आहे. जुन्या लोकसभेतल्या चर्चा, अर्थसंकल्पाची भाषणं, समित्यांचे अहवाल, सगळं जुन्या पानांच्या फोटोंसह. मुलीने मला ते शोधून दिलं. मी पहिल्यांदा काढलं ते यशवंतराव चव्हाणांचं फेब्रुवारी १९७३ चं भाषण. ते तेव्हा अर्थमंत्री होते, आणि ५५० कोटींची तूट दाखवल्यामुळे त्या अर्थसंकल्पाला लोक 'काळा अर्थसंकल्प' म्हणतात. त्याआधीचं वर्ष म्हणजे बाहत्तरचा दुष्काळ. त्या वर्षी देशाचं एकूण उत्पन्नही घटलं होतं.

हे भाषण मी आबांना वाचून दाखवलं. आबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. बाहत्तरला त्यांनी आणि आईने पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलीय. उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तेव्हा ठेचलं ते अजून वाकडंच वाढतं. कामावर सुकडी मिळायची, ती आई थोरल्यासाठी पदरात बांधून घरी आणायची. मी खाटेजवळ बसून एकेक परिच्छेद मराठीत सांगत गेलो. दुष्काळाचा उल्लेख आला तेव्हा आबा उठून बसले. म्हणाले, 'दिल्लीत बोलले का आमच्यावर? यशवंतराव बोलले?' मी म्हणलं, हो, हे बघा, छापलंय. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा चढवला. इंग्रजी वाचता येत नाही, पण त्या पानावरून बोट फिरवलं. मग विचारलं, 'त्यात मजुरीचं काय लिवलंय का रे?' आम्ही दोघांनी मिळून ते भाषण दोन संध्याकाळी वाचलं. तूट का आली, कर कुठे वाढवले, हे मी माझ्या परीने सांगितलं. आबांनी शेवटी एवढंच विचारलं की यावर समोरच्यांनी काय म्हणलं. म्हणून मग आम्ही पुढच्या दिवसांची चर्चा काढली. आमचं ते वाचन अजून चालूच आहे. नांदेडचे शंकरराव चव्हाण अर्थमंत्री असतानाचा १९८९ चा अर्थसंकल्पही रांगेत आहे. तोही सत्त्याऐंशीच्या दुष्काळानंतरचाच.

नव्याने बघणाऱ्यांसाठी काही गोष्टी. टीव्हीवर वाहिनी सापडत नसेल तर सरळ यूट्यूबवर जा. आमच्या केबलवाल्याने मला तीन महिने 'उद्या लावतो' म्हणून फिरवलं. पहिल्यांदाच दिवसभराचं कामकाज बघायला बसू नका, कंटाळून सोडाल. आधी मंत्र्यांचं उत्तर बघा, मग ज्या सदस्याच्या मुद्द्याला उत्तर दिलंय त्याचं भाषण मागे जाऊन काढा. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी अकराला असतो, राज्यसभेत दुपारी बाराला. काम करत फक्त आवाज ऐकला तरी चालतं, पण आकडे येतात तेव्हा हात थांबवा. जवळ कागद ठेवा. वाढ किती म्हणल्या, कोणत्या काळाशी तुलना केली, कोणता काळ सोडला, एवढं तरी लिहा. तीन महिन्यांनी नवा आकडा येतो तो त्याच कागदावर चढवा.

माझं एक मागणं आहे. सभागृहात सदस्यांना मराठीत बोलता येतं, त्यांच्या कानाला अनुवादाची सोय आहे. तशीच सोय घरबसल्या ऐकणाऱ्याला टीव्हीच्या रिमोटवर सहज मिळावी. फिस्कल डेफिसिट म्हणजे राजकोषीय तूट हे मला कळायला वर्ष लागलं, आणि 'राजकोषीय' म्हणजे सरकारी तिजोरीची, हे कळायला आणखी सहा महिने. आबांना, मामांना, भावाला हे सगळं थेट त्यांच्या भाषेत ऐकू आलं तर मला मध्ये दुभाषा म्हणून बसावं लागणार नाही.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा त्या मराठीसाठी राखून ठेवलाय.

घरी पाठवलेल्या दोन पोरांपैकी एक २०२१ च्या दिवाळीनंतर परत आला, दुसरा पुण्याला लागला तो तिकडेच राहिला. दोन नंबरचा लेथ आता दोन्ही पाळ्यांत चालतो. त्याच्या शेजारच्या कपाटाच्या दाराला आतून ते चलन चिकटवलंय. जानेवारी संपत आली की मामा कपाट उघडून त्याच्याकडे बघतात आणि विचारतात, 'शेठ, यंदा बाईंचं उत्तर कोणत्या तारखेला?'